थंडीत फिल्टरची धार मंदावली की आधी काय तपासायचं

थंडी पडली की फिशटँकचा फिल्टर कुरकुरायला लागतो. धार बारीक होते, मोटर घरघरते, पाण्यावर पांढुरकी झाक येते आणि मासे एका कोपऱ्यात तळाशी जाऊन बसतात. मग फिल्टर काढायचा, स्पंज नळाखाली स्वच्छ पाणी येईपर्यंत पिळायचा, परत लावायचा. तीन-चार दिवस बरं चालतं, की पुन्हा तेच. एरवी महिना-महिना हात न लावता चालणारा फिल्टर थंडीत दर आठवड्याला धुवावा लागत असेल, तर दोष बहुतेक वेळा फिल्टरच्या आत नसतो. तो पाण्याच्या तापमानात असतो, पाण्याच्या पातळीत असतो, नाहीतर त्या धुण्यातच असतो. त्यामुळे इथे फिल्टर उघडायची पाळी बरीच उशिरा येणार आहे.

थर्मामीटर, आणि तोही पहाटे

हीटरच्या डायलवर २६ आहे म्हणून पाणी २६ अंशांवर आहे असं धरून चालू नका. डायल हीटरला काय करायचंय ते सांगतो. जमलंय की नाही, ते थर्मामीटर सांगतो. वेगळा थर्मामीटर घ्या आणि दिवसातून दोनदा बघा: पहाटे टँकचा लाइट लावायच्या आधी, आणि दुपारी. दोन्ही वेळा टँकच्या दोन्ही टोकांना बघा, एकदा हीटरजवळ आणि एकदा हीटरपासून सगळ्यात लांब.

पहाटेच्या आणि दुपारच्या आकड्यात २ अंशांहून जास्त फरक पडत असेल तर रात्री टँकमधली उष्णता निसटतेय आणि हीटरला ती भरून काढता येत नाहीये. एकाच वेळी दोन टोकांत फरक दिसला तर पाणी नीट फिरत नाहीये. मग एक तर फिल्टरची धार खरोखरच कमी झालीय, किंवा हीटर चुकीच्या जागी बसवलाय. हीटर कायम फिल्टरच्या धारेच्या वाटेवर असावा. कोपऱ्यात, मोठ्या दगडाच्या आडोशाला लावलेला हीटर स्वतःभोवतीचं पाणी चटकन तापवतो, बंद होतो, आणि उरलेला टँक थंडच राहतो.

हीटर पुरेसा आहे का, याचा हिशोब सोपा आहे. दर लिटरला १ वॅट हा नेहमीचा ठोकताळा. पण तो खोली आणि पाणी यांच्यात फार फरक नसेल तेव्हाचा. खोली पाण्यापेक्षा १० अंशांनी किंवा त्याहून जास्त थंड असेल तर तो अपुरा पडतो. १०० लिटर पाणी १०० वॅटच्या हीटरने फक्त १ अंशाने तापवायचं म्हटलं, आणि उष्णता जराही वाया गेली नाही असं धरलं, तरी सुमारे ७० मिनिटं लागतात. प्रत्यक्षात काचेतून आणि पाण्याच्या पृष्ठभागावरून उष्णता सतत जात असते, त्यामुळे वेळ त्याहून जास्तच. एक मोठा हीटर घेण्यापेक्षा दोन लहान घेऊन दोन टोकांना लावणं मला जास्त पटतं. एखादा बंद पडला तरी रात्र निभावते, आणि एखाद्याचा थर्मोस्टॅट चालू अवस्थेत अडकला तरी मासे उकडून निघत नाहीत.

उष्णता अडवायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे टँकच्या मागच्या आणि बाजूच्या काचांना बाहेरून थर्मोकोलच्या शीट लावणं आणि वर झाकण ठेवणं. झाकणाला हवा खेळायला फट असू द्या. कॅनिस्टर फिल्टर (टँकच्या बाहेर ठेवायचा, पाइपांनी जोडलेला बंद डब्याचा फिल्टर) थंडगार फरशीवर ठेवलेला असेल तर त्याच्याखालीही थर्मोकोलचा तुकडा सरकवा. मोटरचा भाग मात्र गुंडाळू नका.

धुण्याने का बिघडतं

फिल्टर दोन कामं करतो. कचरा अडवणं हे दिसणारं काम. न दिसणारं काम त्याच्या स्पंजवर आणि सिरॅमिक रिंगांवर चिकटून राहिलेले जिवाणू करतात. माशांच्या उत्सर्गातून आणि कुजणाऱ्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. नायट्रोसोमोनासच्या जातकुळीतले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि नायट्रोस्पायरासारखे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशांना विषारी. नायट्रेट त्या मानाने सौम्य, आणि ते पाणी बदलताना निघून जातं.

या जिवाणूंना २५ ते ३० अंशांच्या दरम्यानचं पाणी मानवतं. १८ अंशांच्या आसपास त्यांची वाढ साधारण निम्म्यावर येते, ८-१० अंशांना जेमतेम पाव हिस्सा उरते आणि ४ अंशांना काम थांबल्यात जमा असतं. थंडीने ते लगेच मरत नाहीत, सुस्तावतात. पण अशा वेळी स्पंज नळाखाली धुतला की क्लोरिनने आणि गार पाण्याच्या झटक्याने त्यांतले बरेचसे जातात. उरलेले इतक्या सावकाश वाढतात की पुढच्या धुण्यापर्यंत संख्या भरून येतच नाही. एरवी अशी चूक आठवड्याभरात झाकली जाते; थंडीत ती दर आठवड्याला आदल्या चुकीवर चढत जाते. पाण्यावरची पांढुरकी झाक बऱ्याचदा याचंच लक्षण असतं. फिल्टरमध्ये जागा रिकामी झाली की पाण्यात मोकळे तरंगणारे दुसरे जिवाणू फोफावतात. ती झाक बघून माणूस परत फिल्टर धुवायला घेतो, आणि चक्र चालू राहतं.

आता यातला एक छुपा भाग. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो आणि त्यातलं एकच रूप फार विषारी असतं. त्या रूपाचं प्रमाण पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) आणि तापमान वाढलं की वाढतं. पीएच ८ असेल तर १८ अंशांना एकूण अमोनियापैकी सुमारे ३.३ टक्के विषारी रूपात असतो, २८ अंशांना सुमारे ६.५ टक्के. म्हणजे थंड पाण्यात अमोनिया साचत गेला तरी मासे काही दिवस तग धरतात. मग कोणीतरी घाईघाईने मोठा हीटर लावतं, एका दिवसात पाणी १० अंशांनी वर जातं, आणि तोच साचलेला अमोनिया दुप्पट जहाल होतो. दुसऱ्या दिवशी मासे मेले की दोष हीटरवर जातो. म्हणून तापमान चढवायच्या आधी अमोनियाची चाचणी करा. तो आढळला तर आधी थोडं पाणी बदला आणि मग दिवसाला २ अंशांच्या बेताने चढवा. थेंबांच्या टेस्ट किटचा रंगही थंड पाण्यात उशिरा उतरतो, त्यामुळे नमुन्याची बाटली जरा कोमट जागी ठेवून मगच रंग जुळवा. नाहीतर आकडा खरा असेल त्याहून कमी वाचला जातो.

धुवायचंच असेल तर टँकमधूनच काढलेल्या पाण्यात धुवा. बादलीत टँकचं पाणी घ्या, स्पंज त्यात दोन-तीनदा दाबा आणि बस्स. तो तपकिरी राहिला पाहिजे. सगळा मीडिया, म्हणजे स्पंज, रिंगा असं फिल्टरच्या आत भरलेलं सगळं, एकाच दिवशी काढू नका. आज स्पंज धुतला, तर रिंगांना हात लावायचाच झाला तर तीन-चार आठवड्यांनी.

धार बारीक झाली

थंडीत धार थोडी कमी होणं नैसर्गिक आहे. २८ अंशांचं पाणी १८ अंशांवर आलं की त्याचा चिकटपणा सुमारे पाव हिश्श्याने वाढतो. मोकळ्या पाइपातून जाताना हे फारसं जाणवत नाही, पण स्पंजच्या बारीक छिद्रांतून जाताना जाणवतं. स्पंज आधीच अर्धा भरलेला असेल तर जास्तच. एरवी चालून जाणारा मळका स्पंज थंडीत धार तोडतो तो यामुळे. तापमान ठीक केल्यावर धार आपोआप सुधारली तर पुढे काही करायची गरज नाही.

नाही सुधारली तर नजर पाण्याच्या पातळीवर टाका. थंडीत टँकचं पाणी जास्त उडतं, हे अनेकांना खरं वाटत नाही. पण पाणी २६ अंशांचं आणि बाहेरची हवा गार, कोरडी असली की बाष्पीभवन जोरात होतं, आणि झाकण नसेल तर पातळी झपाट्याने उतरते. काचेवर मागे टांगलेल्या फिल्टरला ही उतरलेली पातळी फार जाचते. पाणी जास्त उंच उचलावं लागतं, धार निम्मी होते, आणि आणखी उतरलं की तो हवा ओढायला लागतो. पातळीच्या खुणेसाठी काचेवर टेपची बारीक पट्टी चिकटवून ठेवा आणि रोज थोडं कोमट, क्लोरिन काढलेलं पाणी घाला. याच पातळीवर हीटरही अवलंबून आहे. तापलेला हीटर पाण्याबाहेर उघडा पडला तर त्याची काच तडकू शकते.

त्यानंतर पाणी ओढणारी नळी. थंडीने नाजूक जलवनस्पतींची पानं गळतात, विरघळतात आणि थेट फिल्टरच्या तोंडाच्या जाळीवर जाऊन बसतात. बाहेरून जाळी हाताने पुसली की अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात. कॅनिस्टरच्या पारदर्शक पाइपांत आतून तपकिरी बुळबुळीत थर चढतो. तो वर्षातून दोन-तीनदा लांब लवचीक ब्रशने काढावा; थंडी सुरू व्हायच्या आधी केलेलं बरं, कारण गारठ्यात पाइप कडक होतात आणि जोडावरून ओढून काढताना चिरतात. काढायचेच असतील तर टोक पाचेक मिनिटं गरम पाण्यात बुडवून मऊ करा.

घरघर, खडखड आणि बुडबुडे

आवाज पाणी बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो का, हे आठवून बघा. तसं असेल तर मोटरला दोष देऊ नका. थंड पाण्यात वायू जास्त विरघळतात. हवेतला ऑक्सिजनच घ्या: १८ अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ९.५ मिलिग्रॅम मावतो, २८ अंशांच्या पाण्यात सुमारे ७.८. नायट्रोजनचंही तसंच. गार नळाचं पाणी टँकमध्ये येऊन तापलं की जास्तीचा वायू बाहेर पडतो: काचेवर, पानांवर, माशांच्या अंगावर, आणि फिल्टरच्या आतही. कॅनिस्टरमध्ये हे बारीक बुडबुडे साठून हवेचा कप्पा तयार होतो, इम्पेलर (मोटरचा पाणी ढकलणारा चुंबकी पंखा) पाण्याऐवजी त्यात फिरतो आणि खडखडतो. चालू कॅनिस्टर दोन्ही हातांनी हळूच इकडेतिकडे कलता करा. बुडबुडे भसकन बाहेर येतात आणि आवाज थांबतो. माशांच्या अंगावर बुडबुडे दिसत असतील तर दुर्लक्ष करू नका, कारण पाण्यात मावतो त्याहून जास्त विरघळलेल्या वायूने त्यांच्या ऊतींतही बुडबुडे होऊ शकतात.

यावर कायमचा उपाय म्हणजे बदलायचं पाणी आधी बादलीत काढून, क्लोरिन काढून, एअर स्टोन (एअर पंपाची हवा बारीक बुडबुड्यांत सोडणारा सच्छिद्र दगड) सोडून टँकच्या तापमानाच्या जवळ आणणं. आकडा बघितला की पटेल: २६ अंशांच्या १०० लिटर टँकमध्ये ३० लिटर पाणी १२ अंशांचं घातलं तर सगळं मिळून २१.८ अंशांवर येतं. ते परत वर न्यायला १०० वॅटच्या हीटरला निदान पाच तास हवेत. एवढा वेळ मासेही गारठतात आणि जिवाणूही. थंडीत एकदम ३० टक्के बदलण्याऐवजी १० टक्के पण जास्त वेळा, हे सगळ्यांनाच सोसतं. पाणी बदलायच्या आधी हीटरचा प्लग काढून पंधरा-वीस मिनिटं थांबायला विसरू नका.

पाणी बदललं नसतानाही आवाज येत असेल तर मग मात्र इम्पेलर. आता फिल्टर उघडा. प्लग काढा, इम्पेलर बाहेर घ्या, त्याच्या चुंबकावरचा बुळबुळीत थर मऊ ब्रशने आणि तो बसतो त्या खोबणीतला थर कापसाच्या काडीने काढा. पांढरी, खरखरीत पुटं जड पाण्याच्या क्षारांची असतात. ती ब्रशने जात नाहीत. सुटा इम्पेलर अर्धा तास पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ठेवा आणि मग भरपूर पाण्याने धुवा. सिरॅमिकचा दांडा जपून हाताळा, तो वाकत नाही, सरळ मोडतो. एवढ्या साफसफाईत स्पंजला किंवा रिंगांना हात लावायची गरज नसते.

वीज गेल्यानंतर सुरूच होत नाही

ही थंडीतली खास तक्रार. चालू असताना मळ इम्पेलरभोवती फिरत राहतो. बंद पडल्यावर तो खोबणीत बसतो, आणि आधीच सुस्त चाललेला इम्पेलर पुन्हा उचल घेत नाही. मोटर नुसती गुणगुणते. अशी गुणगुणणारी मोटर तशीच ठेवू नका, आतली कॉइल तापते. प्लग काढा, इम्पेलर बोटाने फिरवून मोकळा करा, साफ करा, लावा.

वीज बराच वेळ गेली असेल तर दुसरी काळजी जास्त मोठी. बंद कॅनिस्टरमधलं पाणी वाहत नाही, आतले जिवाणू ऑक्सिजन संपवतात आणि काही तासांत गुदमरायला लागतात. पाणी थंड असल्याने त्यांना थोडा जास्त अवधी मिळतो, पण तो किती याचा भरवसा धरू नये. तसाच फिल्टर चालू केला तर आतलं सडकं पाणी थेट माशांवर येतं. आधी कॅनिस्टर उघडा, आतलं पाणी ओतून द्या, मीडिया टँकच्या पाण्यात हलकेच खळबळा आणि मग चालू करा. वीज लवकर येणार नाही हे कळलं तर मीडियाची पिशवी उचलून सरळ टँकमध्ये ठेवा आणि बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप सोडा.

थंडीत झाकणाखाली वाफ जमून पाणी वायरीवरून ओघळतं, ते लक्षात असू द्या. प्रत्येक वायरीला सॉकेटच्या खाली एक झोळ द्या, म्हणजे ओघळणारा थेंब त्या झोळाच्या तळाशी टपकेल, सॉकेटपर्यंत पोचणार नाही.

गळती आणि एअर पंप

कॅनिस्टरच्या डोक्याखालचं रबरी रिंग थंडीत कडक होतं. मग कुठे थेंब गळतो, कुठे हवा आत ओढली जाते. रिंग काढून पुसा, चीर नसेल तर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा. पेट्रोलियम जेली लावू नका, तिने काही प्रकारचं रबर फुगतं. चीर असेल तर रिंग बदलणं हाच उपाय.

स्पंज फिल्टर वापरणाऱ्यांचं सगळं एअर पंपावर चालतं. त्याचा रबरी पडदा गारठ्यात ताठर होऊन हवा कमी फेकतो. पंप खिडकीजवळ असेल तर आत हलवा. तो थंड हवाच पाण्यात सोडत असतो आणि हीटरचं काम वाढवत असतो. बुडबुड्यांचा जोर थोडा कमी ठेवला तरी चालतो, पृष्ठभाग हलत राहिला की पुरे.

खाणं आणि औषधं

फिल्टरच्या तक्रारीत खाण्याचा विषय कशाला, असं वाटेल. पण माशाच्या शरीराचं तापमान पाण्याबरोबर उतरतं, पचन मंदावतं, आणि नेहमीएवढं घातलेलं खाद्य तळाशी कुजतं. म्हणजे फिल्टरची ताकद निम्मी आणि भार तेवढाच, किंबहुना जास्त. पाणी नेहमीच्या तापमानावर येईपर्यंत खाणं निम्मं करा. हीटरशिवाय ठेवलेल्या गोल्डफिशच्या टँकमध्ये हाच मुख्य उपाय आहे. त्यांना थंड पाणी चालतं, फक्त ते एकसारखं थंड असावं, आणि १० अंशांच्या खाली त्यांना खायला न घातलेलंच बरं.

थंडीत माशांच्या अंगावर पांढरे ठिपके येणं नेहमीचं, आणि मग औषधांच्या बाटल्या निघतात. मिथिलीन ब्लू आणि अँटिबायोटिक औषधं फिल्टरमधल्या जिवाणूंनाही मारू शकतात. शक्य असेल तर आजारी मासा वेगळ्या टँकमध्ये काढून तिथेच औषध द्या. मुख्य टँकमध्येच द्यावं लागलं तर त्या काळात फिल्टरमधला कोळसा काढून ठेवा, नाहीतर तो औषधच शोषतो. औषधाचा कोर्स संपल्यावर ताजा कोळसा घाला आणि पुढचे दोन आठवडे दर दोन-तीन दिवसांनी अमोनिया आणि नायट्राइट तपासा.

एवढं सगळं करूनही धार परत येत नसेल, इम्पेलरचं चुंबक तडकलं असेल किंवा दांडा झिजून डगमगत असेल, तर आधी फक्त इम्पेलर बदलून बघा. बहुतेक फिल्टरना तो सुटा मिळतो. पूर्ण फिल्टरच बदलावा लागला तर थंडीत नवा कोरा मीडिया घालून चालू करणं टाळा. २५-२८ अंशांवरही नव्या मीडियावर जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात, गारठ्यात त्याहून जास्त. जुना स्पंज आणि रिंगा न धुता, ओल्या असतानाच नव्या फिल्टरमध्ये भरा. आकार बसत नसेल तर स्पंज कापून बसवा, किंवा जुना फिल्टर चालतोय तोवर दोन्ही शेजारी-शेजारी चालू ठेवा.